विंडोज ७ मधला ३८० जीबी डेटा विंडोज ११ मध्ये न्यायचाय: दोन पीसी थेट केबलने जोडता येतील का?

डीटीपी_मिरज

नमस्कार मंडळी. छपाईच्या कामाचा जुना पीसी बदलतोय. जुन्यात विंडोज ७ आणि ५०० जीबीची ३.५ इंची सॅटा हार्डडिस्क आहे, सी आणि डी असे दोन ड्राइव्ह. नव्यात विंडोज ११ प्रो आणि १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. एकूण डेटा ३८० जीबीच्या आसपास: पेजमेकर आणि कोरलच्या फाईली, स्कॅन, फोटो, श्रीलिपीचे फॉन्ट, टॅलीचा डेटा.

एवढी जागा असलेली बाहेरची डिस्क नाही. राऊटर नाही, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं. बाजारात दोन्ही टोकांना सारखीच यूएसबी पिन असलेली केबल मिळते, तिनं दोन मशीन जोडता येतात असं दुकानदार म्हणाला. चालेल का? की लॅन केबल लागेल, आणि ती क्रॉसच हवी का? शिवाय अख्खी डिस्क उचलायची की फक्त फाईली?

तारजोड

ती यूएसबी केबल घेऊ नका. यूएसबीत एक बाजू यजमान असते आणि दुसरी उपकरण. दोन पीसी म्हणजे दोन यजमान, त्यांच्यात बोलणं होत नाही. शिवाय दोन्ही बाजू ५ व्होल्ट सोडतात आणि साध्या केबलीत ते व्होल्टेज समोरासमोर येतं, पोर्ट जाऊ शकतो. ज्या केबलीच्या मधोमध चिप असलेली डबी असते ती ‘ब्रिज’ केबल चालते, पण तुम्हाला तिची गरज नाही.

साधी लॅन केबल घ्या, कॅट ५ई किंवा कॅट ६, दोनतीन मीटर. क्रॉस केबलची सक्ती १० आणि १०० एमबीपीएसच्या जुन्या कार्डांना होती. तिथं एकाची पाठवायची जोडी (पिन १, २) दुसऱ्याच्या घ्यायच्या जोडीत (३, ६) जावी लागे. गिगाबिट कार्डं चारही जोड्या दोन्ही दिशांनी वापरतात आणि कोणती तार कुठे आहे ते स्वतः ओळखतात. दोन्हीपैकी एक जरी कार्ड गिगाबिट असलं तरी सरळ केबल चालते.

केबल लावल्यावर दोन्ही पोर्टांचे दिवे लागले पाहिजेत. मग पत्ते द्या. राऊटर नसल्यानं पत्ता वाटणारं कुणी नाही. विंडोज थोडा वेळ वाट पाहून स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेतं. त्यावरही काम होतं, पण तो पत्ता कधीही बदलतो, म्हणून हातानं द्या. जुन्याला १९२.१६८.५०.१, नव्याला १९२.१६८.५०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे ठेवा. तिसरा आकडा ५० मुद्दाम घेतलाय, कारण घरगुती राऊटर बहुतेक ० किंवा १ वापरतात. उद्या वायफाय जोडलं तर गोंधळ नको.

आता दिशा ठरवा, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. जुन्या मशीनवरून ढकलू नका, नव्यावरून ओढा. जुन्या मशीनचा ड्राइव्ह ‘फक्त वाचन’ परवानगीनं शेअर करायचा आणि कॉपीची आज्ञा नव्यावर द्यायची. मग आज्ञेत दिशा उलटी पडली, चुकीचा स्विच (आज्ञेला जोडायची सूचना) लागला, काहीही झालं तरी मूळ डेटाला धक्का लागत नाही, कारण तिथं लिहायची परवानगीच नसते.

विंडोज ७ वर ‘प्रत’ नावाचा नवीन वापरकर्ता बनवा आणि त्याला पासवर्ड द्या. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, इथंच बरेच जण तासभर अडकतात. मग डी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, अॅडव्हान्स्ड शेअरिंग. शेअरचं नाव ‘जुनाडी’. परवानग्यांतून ‘एव्हरीवन’ काढा, ‘प्रत’ घाला आणि फक्त ‘रीड’वर टिक ठेवा.

पुढचा अडथळा फायरवॉलचा. गेटवे नसलेल्या जोडणीला विंडोज ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणतं, तिला पब्लिक गटात टाकतं आणि शेअरिंग बंद ठेवतं. विंडोज ७ मध्ये नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमधून प्रगत शेअरिंग सेटिंग उघडा आणि पब्लिक गटाखाली फाईल शेअरिंग चालू करा. काम होईपर्यंत त्या मशीनला दुसरं कुठलंही नेट लावू नका, आणि संपल्यावर ते पुन्हा बंद करा. नव्या मशीनवर यातलं काहीच करायचं नाही. ते मागणारं आहे, देणारं नाही.

तपासायला नव्यावरून जुन्याला पिंग करा, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी आज्ञा द्या. उलट केलंत तर विंडोज ११ ची फायरवॉल उत्तर देणार नाही आणि केबल खराब आहे असं उगीच वाटेल.

शेअर उघडताना मशीनच्या नावानं जाऊ नका, \\१९२.१६८.५०.१\जुनाडी असा पत्त्यानंच जा. नावानं गेलात आणि दोन्ही मशीन एकाच हॉटस्पॉटवर असली, तर फाईली मोबाईलमार्गे फिरू शकतात.

वेगाचं म्हणाल तर गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीपर्यंत मिळतो. तुमची जुनी डिस्क त्याच्या आधीच दमेल. मोठ्या फाईलींना ७०-८० धरा, लहान फाईलींना त्याहून बरंच कमी. ३८० जीबीला दोन ते तीन तास. कार्ड १०० एमबीपीएसचं निघालं तर ११ एमबी, म्हणजे नऊ तासांच्या वर.

लॅपटॉप_ठाणे

नवीन मशीन लॅपटॉप असेल आणि लॅन पोर्ट नसेल अशांसाठी: यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर घ्या. यूएसबी २ चे स्वस्त अडॅप्टर बहुधा १०/१०० चेच असतात, आणि गिगाबिट लिहिलेला मिळाला तरी यूएसबी २ च्या नळीतून ३०-४० एमबीच्या पुढे काही जात नाही. दोन्ही मशीनना थंडरबोल्ट असेल तर थंडरबोल्टचीच केबल थेट लावा. विंडोज तिला नेटवर्क कार्ड समजतं, पत्ते वर दिलेत तसेच द्यायचे, आणि वेग लॅनच्या कितीतरी पट.

आज्ञावली

कॉपी ओढूनसोडून करू नका. एक फाईल अडली की एक्सप्लोरर प्रश्न विचारून थांबून राहतो, आणि मधेच तुटलं तर काय गेलं, काय राहिलं याची नोंद नसते. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी वापरा. स्विचची नावं उच्चारानं लिहितोय, टाइप रोमनमध्ये करायची.

कमांड प्रॉम्प्ट ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा. त्याच खिडकीत आधी ‘नेट यूज’ देऊन शेअरचा पत्ता, ‘प्रत’ हे नाव आणि पासवर्ड द्या. एक्सप्लोररमध्ये जोडलेला झेड ड्राइव्ह अॅडमिनच्या खिडकीला दिसत नाही, म्हणून पूर्ण पत्ताच वापरायचा.

मग रोबोकॉपी, स्रोत \\१९२.१६८.५०.१\जुनाडी, गंतव्य डी:\जुना, आणि हे स्विच:

/ई: रिकाम्या फोल्डरांसकट आतले सगळे फोल्डर.

/कॉपी:डीएटी: डेटा, गुणधर्म, तारखा. ‘कॉपीऑल’ नको. त्यानं जुन्या मशीनच्या वापरकर्त्यांच्या परवानग्याही येतात, नव्या मशीनला ते वापरकर्ते माहीत नसतात, आणि स्वतःच्याच फाईली उघडेनाशा होतात.

/डीकॉपी:टी: फोल्डरांच्या तारखा टिकतात.

/आर:१ /डब्ल्यू:१: हे विसरू नका. काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी अडलेल्या फाईलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून.

/एक्सजे: जंक्शन टाळायला. सी ड्राइव्हवरच्या युजर्स फोल्डरात स्वतःकडेच वळणारे दुवे असतात. ते टाळले नाहीत तर फोल्डरात फोल्डर असं न संपणारं काम सुरू होतं.

/एमटी:२: एका वेळी दोन फाईली. नुसतं /एमटी लिहिलं तर आठ धरतं. एसएसडीला आठ ठीक, पण फिरत्या डिस्कचं हेड आठ ठिकाणी पळत बसतं आणि वेग उलट पडतो.

/एक्सडी: पुढे ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ (नावात मोकळ्या जागा आहेत म्हणून अवतरणात) आणि डॉलर चिन्हानं सुरू होणारं रीसायकल बिनचं फोल्डर.

/युनिलॉग: पुढे लॉग फाईलचा पत्ता. साधा /लॉग घेतलात तर मराठी नावांच्या फाईलींच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात आणि नेमकी कोणती फाईल अडली ते कळत नाही. युनिलॉगमध्ये देवनागरी नीट येते.

/मिर वापरू नका. तो गंतव्याला स्रोतासारखं करतो, म्हणजे स्रोतात नसलेलं गंतव्यातून पुसतो.

एक गंमत माहीत असू द्या. अख्खा ड्राइव्ह एखाद्या फोल्डरात कॉपी केला की ड्राइव्हच्या मुळाचे ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ हे गुणधर्म त्या फोल्डराला चिकटतात आणि ‘जुना’ फोल्डर गायब झाल्यासारखा वाटतो. डेटा जागेवरच असतो. ‘अॅट्रिब -एस -एच’ आणि पुढे फोल्डरचा पत्ता दिलात की दिसायला लागतो. घाबरून पुन्हा कॉपी सुरू करू नका.

दोन्ही मशीनची झोप बंद करा, पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप ‘नेव्हर’. वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. झालेल्या फाईली ती आकार आणि तारीख बघून सोडून देते.

विंडोज किंवा बसवलेली सॉफ्टवेअरं अशी येत नाहीत, ती नव्यानं बसवावी लागतात. अख्खी डिस्क उचलायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

डीटीपी_मिरज

खूप आभार. पत्ते, शेअर, रोबोकॉपी सगळं चाललं. दोन अडचणी आहेत. वेग ११.३ एमबीवर अडकलाय. आणि ‘२०१४ कॅलेंडर’ फोल्डरातल्या तीन फाईलींना ‘एरर २३, डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असं आलं. त्या वेळी जुन्या मशीनमधून टकटक असा आवाज येतो आणि वेग काही सेकंद शून्यावर जातो.

तारजोड

वेगाचं सांगतो. ११.३ म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसवर बसली आहे. कारणं दोनच. पहिलं म्हणजे कार्डच तेवढं असणं. जुन्या मशीनच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेकच्या नावात ‘एफई’ असेल तर १०० चं, ‘जीबीई’ असेल तर गिगाबिट. एफई निघालं तर पीसीआय एक्सप्रेसचं छोटं गिगाबिट कार्ड घाला.

कार्ड जीबीई असेल तर दोष केबलीत. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नसेल तर जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. ताजी तयार केबल लावून बघा. हातानं क्रिंप करणार असाल तर दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारा घेऊ नका, दोनदा वाकवल्या की आतून तुटतात.

पण एरर २३ चा केबलीशी संबंध नाही. तारेवर काही बिघडलं तर ते पाकीट पुन्हा मागवलं जातं, फाईलपर्यंत ती चूक पोचत नाही. ती डिस्कचीच तक्रार आहे.

सेक्टर_शून्य

कॉपी आत्ता थांबवा आणि जुनं मशीन बंद करा. टकटक आणि २३ एकत्र आले म्हणजे डिस्क काही सेक्टर वाचू शकत नाही. रोबोकॉपी, एक्सप्लोरर, अँटिव्हायरस ही सगळी त्याच खराब जागेवर पुन्हा पुन्हा हेड नेतात. प्रत्येक प्रयत्नाला डिस्कचं आयुष्य खर्च होतं, आणि तेवढ्यात चांगला भागही वाचायचा राहून जातो.

चेकडिस्क /आर तर मुळीच चालवू नका. ती डिस्क वाचवणारी नाही, फाईलव्यवस्था सुसंगत करणारी आज्ञा आहे. तुटके धागे ती कापून टाकते, आणि त्यात तुमची फाईल गेली तर तिला त्याचं काही नाही.

करायचं असं. ५०० जीबी किंवा त्याहून मोठी एक नवी सॅटा हार्डडिस्क आणा, १ टीबी असली तर उत्तम. खर्च टाळता येणार नाही. दोन पेनड्राइव्ह लागतील. एकावर सिस्टीमरेस्क्यू हे लिनक्स टाका, दुसरा रिकामा.

काम जुन्या मशीनवरच करा. त्याच्या मदरबोर्डाला बहुधा आणखी सॅटा पोर्ट असतो, नवी डिस्क तिथं लावा. बाहेरून यूएसबीनं लावायच्या भानगडीत पडू नका. खराब सेक्टरवर यूएसबीची चिप गडबडते आणि अख्खी डिस्कच अदृश्य होते. नवं मशीनही यात आणू नका. सिस्टीमरेस्क्यूसाठी तिथलं सिक्युअर बूट बंद करावं लागेल, आणि ते केलं की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी किल्ली मागू शकतं. जुन्यात यातलं काही नाही.

पेनड्राइव्हवरून बूट करा. पहिलं काम: ‘एलएसबीएलके’ आज्ञेत आकार आणि अनुक्रमांक मागवा आणि कोणती डिस्क एसडीए, कोणती एसडीबी ते कागदावर लिहून काढा. अनुक्रमांक डिस्कच्या लेबलाशी ताडून बघा. इथं उलटापालट झाली तर रिकाम्या डिस्कनं भरलेली डिस्क पुसली जाईल, आणि त्यातून परत येता येत नाही.

मग ‘स्मार्टसीटीएल -ए’ देऊन डिस्कच्या तब्येतीचे (स्मार्ट) आकडे बघा: ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाचता न आलेले, निकाल बाकी), १९८ आणि १९९. एकटा १९९ वाढलेला असेल तर दोष सॅटा केबलीचा, ती बदला आणि पुन्हा बघा. १९७ वाढलेला असेल तर पृष्ठभागाचा.

आता डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची प्रत काढणारी आज्ञा. ती आधी सगळं सोपं वाचून घेते, अडलं की पुढे उडी मारते आणि अवघड जागा शेवटी खरवडते. पहिली फेरी: डीडीरेस्क्यू, स्विच -एफ -डी -एन, मग जुनी डिस्क, मग नवी डिस्क, मग मॅप फाईल. -एफ डिस्कवर थेट लिहायला, -डी मधला कॅश टाळायला, -एन खरवडणं पुढच्या फेरीला ठेवायला. दुसऱ्या फेरीत -एन काढा आणि -आर३ लावा, म्हणजे उरलेल्या जागांवर आणखी तीन प्रयत्न.

मॅप फाईल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. काय वाचलं, काय राहिलं हे सगळं तिच्यात असतं. सिस्टीमरेस्क्यू रॅममध्ये चालतं. फाईल तिथंच ठेवली आणि लोडशेडिंग झालं तर सगळी मेहनत शून्य. पेनड्राइव्हवर असली तर तीच आज्ञा पुन्हा द्या, जिथं थांबली तिथून चालू होते.

यात कुठेही जुनी डिस्क माउंट करायची (फाईली उघडायला जोडायची) नाही. दोन डिस्कांत निवडायची वेळ आली तर नवीची क्षमता जुनीपेक्षा एक सेक्टरनंही कमी नको.

आणि टकटक सतत असेल, किंवा बायोसमध्ये डिस्क दिसतच नसेल, तर हे काहीही करू नका. तो हेडचा बिघाड. तिथं वीज बंद ठेवून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत देणं एवढाच मार्ग.

डीटीपी_मिरज

नवी १ टीबी डिस्क आणली. स्मार्टचे आकडे: ५ ला १६, १९७ ला ४८, १९८ ला ४८, १९९ ला शून्य. पहिली फेरी दोन तासांत झाली, दुसरीला बराच वेळ लागला. शेवटी ‘बॅड सेक्टर २४५७६ बी’ असं दाखवतंय. बाकी सगळं वाचलं. आता हे २४ केबी कोणत्या फाईलींत आहेत ते कसं कळणार?

सेक्टर_शून्य

४८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, बरोबर २४५७६. स्मार्ट आणि डीडीरेस्क्यू दोघांचा हिशोब जुळला. या पिढीच्या बऱ्याच डिस्कांचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो. तुमची तशी असेल तर त्या सहाच जागा झाल्या.

जुनी डिस्क आता काढून बाजूला ठेवा. पुढचं सगळं नव्या प्रतीवर.

फाईली शोधायला डीडीरेस्क्यूतच सोय आहे. एका छोट्या फाईलीत रोमनमध्ये एखादा वेगळाच शब्द लिहा, दुसऱ्या कुठल्या फाईलीत असूच शकणार नाही असा. मग डीडीरेस्क्यूला ‘फिलमोड’मध्ये वजा चिन्ह देऊन चालवा: ती शब्दाची फाईल, नवी डिस्क, तीच मॅप फाईल, आणि सक्तीचा -एफ. मॅपमध्ये ‘खराब’ नोंदलेल्या जागीच तो शब्द भरला जातो, बाकी कशाला हात लागत नाही. आधी मॅपची एक प्रत करून ठेवा. नंतर सी आणि डी हे दोन्ही विभाग फक्त वाचनासाठी माउंट करा आणि ‘ग्रेप -आरएल’नं तो शब्द शोधा. जी नावं येतील त्या फाईली बिघडलेल्या. एकही आली नाही तर खराब जागा रिकाम्या भागात, नाहीतर एनटीएफएसच्या स्वतःच्या नोंदींत.

एक लक्षात घ्या. बिघडलेली कोरल किंवा पेजमेकरची फाईल कदाचित उघडेलही, आणि मधलंच एखादं पान चुकेल. तेव्हा ‘उघडली म्हणजे झालं’ असं धरू नका. यादीतल्या प्रत्येक फाईलीची जुनी प्रत ईमेलमध्ये किंवा गिऱ्हाइकाकडे पाठवलेल्या पीडीएफमध्ये सापडते का ते बघा.

हे झालं की नवी डिस्क सरळ नव्या मशीनच्या सॅटा पोर्टला लावा. आता लॅन केबलचीही गरज नाही. रोबोकॉपी वर दिली आहे तीच, फक्त स्रोत बदलेल. सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरासाठी /बी जोडा. बॅकअप पद्धतीनं वाचताना जुन्या परवानग्या आड येत नाहीत.

खिळे_ते_युनिकोड

डीटीपीवाल्यांचं एकदोन वेगळंच असतं, तेवढं सांगते.

पेजमेकर चित्रांचे दुवे पूर्ण पत्त्यानं ठेवतो. चित्रं डी ड्राइव्हवर होती आणि नव्या मशीनवर ती सी ड्राइव्हच्या एखाद्या फोल्डरात गेली, तर प्रत्येक प्रकाशन उघडताना चित्र कुठे आहे असं विचारत बसेल. म्हणून नव्या एनव्हीएमईवर वेगळा विभाग करून त्याला डी हेच अक्षर द्या आणि फोल्डरांची रचना तशीच्या तशी ठेवा. वर आज्ञेत गंतव्य ‘डी:\जुना’ दिलंय, तुमच्यासाठी ते नुसतं ‘डी:\’ असावं.

श्रीलिपीच्या जुन्या फाईली युनिकोडमध्ये नसतात. त्यात रोमन चिन्हांचीच संकेतसंख्या असते आणि फॉन्ट तिला देवनागरी रूप देतो. नेमका तो फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे चिन्हांची खिचडी. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातल्या सगळ्या फाईली उचला. एक्सप्लोररमध्ये ते फोल्डर वेगळ्याच रूपात दिसतं, रोबोकॉपीला मात्र साध्या फाईली मिळतात. त्या नव्या विंडोजच्या फॉन्ट्समध्ये आंधळेपणानं ओतू नका. वेगळ्या फोल्डरात ठेवा, फक्त मराठीचे निवडा आणि राइट क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ बसवा. सोबत कीबोर्डाच्या आणि सॉफ्टवेअरच्या नोंदणीचे कागद, डाँगल असेल तर डाँगल. पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीनं येणारे टाइप १ फॉन्ट असतील तर अडोबीनं त्यांचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढला आहे. नव्या इनडिझाइनमध्ये ते दिसणार नाहीत, ते काम जुन्या आवृत्तीतच उघडावं लागेल.

टॅली बंद करूनच डेटा फोल्डर उचला. टॅली ईआरपी ९ मध्ये प्रत्येक कंपनीचं पाच अंकी नावाचं फोल्डर असतं, ते अख्खं हवं, आतल्या निवडक फाईली नव्हेत. चालू टॅलीतला डेटा कॉपी केला तर अर्धवट नोंदी येतात. नव्या मशीनवर उघडून शेवटच्या दिवसाची रोजकीर्द आणि ताळेबंद जुन्या छापील प्रतीशी जुळवा.

पुढे कधी हा डेटा एनएएसवर (नेटवर्कवरच्या सामाईक साठवणीवर) किंवा लिनक्सच्या डिस्कवर ठेवणार असाल तर फाईलींच्या नावांकडे बघा. विंडोज नावात २५५ चिन्हं घेतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपतं. ‘श्री’ला चार चिन्हं, बारा बाइट. ‘सौ. आणि श्री. … यांच्या सुपुत्राच्या विवाहाची निमंत्रणपत्रिका अंतिम दुरुस्त’ असली लांबलचक नावं तिथं कॉपी होतच नाहीत.

आज्ञावली

डी ड्राइव्हच्या मुळातच ओतणार असाल तर हिडनची गंमत होणार नाही, चांगलंच आहे.

पडताळणी राहिली. रोबोकॉपी आकार आणि तारीख बघते, आतला मजकूर ताडत नाही. कॉपी झाल्यावर तीच आज्ञा /एल जोडून चालवा. ती काहीच कॉपी करत नाही, फक्त फरक सांगते. यादी रिकामी आली पाहिजे. त्यानंतर महत्त्वाच्या फाईलींचं ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’ (पुढे फाईल आणि शेवटी एसएचए२५६) दोन्हीकडे काढून, म्हणजे फाईलीतल्या मजकुराचा ठसा काढून, जुळवा. चालू वर्षाची कामं, टॅली आणि फॉन्ट एवढं तरी कराच.

डीटीपी_मिरज

ग्रेपमध्ये दोनच फाईली आल्या, दोन्ही ‘२०१४ कॅलेंडर’मधल्या टिफ. तिसरी पूर्ण वाचली गेली. दोन्हींच्या मूळ छायाचित्रांची सीडी आहे. /एल ची यादी रिकामी आली. डीचं अक्षर तेच ठेवलं, पेजमेकरचे दुवे विचारत नाहीत. एकच प्रश्न: १ टीबीची ती डिस्क आता पुसून बॅकअपला वापरू का?

सेक्टर_शून्य

लगेच नाही. महिनाभर तशीच ठेवा. रोजच्या कामात नसलेली एखादी जुनी फाईल उघडायची वेळ येते तेव्हाच काय राहून गेलं ते समजतं. पण एकाच डिस्कवर भरवसा नको. हीच डिस्क बॅकअपला ठेवायची असेल तर नवा बॅकअप मोकळ्या ५०० जीबीत चौथा विभाग करून घ्या. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत पहिल्या तीन विभागांत तशीच राहील. विभाग डिस्क मॅनेजमेंटमधून करा, आणि ‘कन्व्हर्ट टू डायनॅमिक’ विचारलं तर नाही म्हणा. त्या डिस्कवर एमबीआर पद्धतीचा विभागांचा तक्ता आलाय, त्यात चारच प्राथमिक विभाग मावतात. विंडोज ७ चा १०० एमबीचा लपलेला विभाग धरून तुमचे तीन आधीच भरलेत.

खराब जुनी डिस्क टाकून देताना तिच्यात गिऱ्हाइकांच्या पत्रिका, फोटो आणि हिशोब आहेत हे ध्यानात ठेवा. १९७ चे सेक्टर लिहून पुसले जातीलच याची खात्री नसते. झाकणाचे स्क्रू काढून चकत्यांना भोकं पाडा, मग भंगारात द्या.